तीन मिनिटांचा हिशेब

४ जुलै २०२४ रोजी टी-२० विश्वचषक जिंकलेला भारतीय संघ मुंबई विमानतळावर उतरला, तेव्हा दोन बाजूंना उभ्या असलेल्या बंबांनी विमानावर पाण्याची कमान धरली. टीव्हीवर ते दृश्य साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. विमानतळावरचा बंब सामान्य माणसाच्या नजरेस पडतो तो असाच, मानवंदनेपुरता. माझ्या मामाची अख्खी नोकरी मात्र अशा बंबांवर गेली. मी एका नगरपरिषदेच्या लेखा विभागात काम करते. गावच्या अग्निशमन केंद्राची डिझेलची, टायरांची बिले माझ्या टेबलावरून पुढे सरकतात. शिर्डीचा विमानतळ २०१७ मध्ये सुरू झाला, सिंधुदुर्गचा २०२१ मध्ये. आता जिल्ह्याजिल्ह्यातून विमानतळाची मागणी होते. त्या प्रत्येकासोबत बंब येतो, त्याची माणसे येतात, खर्च येतो. त्या खर्चावरून आम्हा दोघांचे मुळीच पटत नाही. प्रश्न दोन्हीकडे माणसांच्या जिवाचा आहे, म्हणून आमचे बोलणे जसे झाले तसे इथे देते आहे.

मी : मामा, सरळ विचारते. दिवसाला दोन-तीन विमाने येणाऱ्या विमानतळावर कोट्यवधी रुपयांचा बंब कशाला हवा? तो आगीला कधी जातच नाही. रोज धुतात, पुसतात, परत शेडमध्ये लावतात.

मामा : शेडमध्ये लावण्याआधी पंप चालवून बघतात. मॉनिटर, म्हणजे छपरावरची ती तोफ, चारी दिशांना फिरवून बघतात. फोमची पातळी, बीए सेटच्या, म्हणजे धुरात श्वास घेण्याच्या उपकरणाच्या, बाटल्यांतला हवेचा दाब, सगळे तपासून वहीत सही करतात. ते तुला दिसत नाही. आणि बंब केवढा हवा हे कुणाच्या हौसेवर ठरत नाही, विमानाच्या मापावर ठरते. विमानाची लांबी आणि धडाची रुंदी पाहून विमानतळाला १ ते १० असा दर्जा देतात. एटीआर-७२ साधारण २७ मीटर लांब, तिला दर्जा ५. एअरबस ए-३२० साडेसदतीस मीटर, दर्जा ६. तिचीच लांब बहीण ए-३२१ आली की ७. आता ए-३८० चे बघ. लांबी ७३ मीटरच्या आत, त्यामुळे ती नवव्या दर्जात बसली असती. पण नवव्याला धडाची रुंदी ७ मीटरपर्यंतच चालते, आणि हिची ७.१४. तेवढ्या चौदा सेंटिमीटरपायी विमानतळाला दहावा दर्जा लागतो.

मी : आणि विमानात प्रवासी किती, हे कुठेच नाही?

मामा : नाही. आत तीस बसले काय नि सत्तर बसले काय, इंधन सांडून पेटले तर आग धडाभोवती तेवढीच पसरणार.

मी : बरं, मग एटीआरसाठी काय लागते?

मामा : एक बंब. ‘बी’ प्रतीचा फोम असेल तर ५,४०० लिटर पाणी, मिनिटाला ३,००० लिटर फेकायची ताकद, आणि १८० किलो कोरडी पावडर. दहाव्या दर्जाला तीन बंब, मिळून ३२,३०० लिटर पाणी आणि मिनिटाला ११,२०० लिटरचा मारा.

आकडे कानावर पडले की माझा भागाकार सुरू होतो. ५,४०० ला ३,००० ने भागले तर दोनही येत नाहीत. ३२,३०० ला ११,२०० ने भागले तर तीन येत नाहीत.

मी : म्हणजे पूर्ण जोराने मारा केला तर एटीआरचा बंब दोन मिनिटांच्या आत रिकामा, आणि जगातल्या सर्वांत मोठ्या विमानासाठी ठेवलेले तिन्ही बंब तीन मिनिटांच्या आत. एवढ्या वेळात विमानाची आग विझते?

मामा : विझत नाही. विमान विझवायला तो बंब ठेवलेलाच नाही. हे एकदा नीट समजून घे, म्हणजे बाकीचे भांडण सोपे होईल. धडाच्या दोन्ही अंगांना जो पट्टा पेटला असता आतली माणसे भाजतील, त्याचे क्षेत्रफळ काढतात. त्यातले दोन-तृतीयांश धरतात. ‘बी’ प्रतीच्या फोमला दर चौरस मीटरमागे मिनिटाला साडेपाच लिटर असा हिशेब लावतात. त्या पट्ट्यातली आग एका मिनिटात दबली पाहिजे आणि माणसे बाहेर येईपर्यंत दबलेली राहिली पाहिजे. पंख जळो, शेपूट जळो. दारातून घसरगुंडी खाली पडेल तेव्हा तिच्या पायथ्याशी ज्वाळा नकोत, एवढ्यासाठी ते पाणी. अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा इंधनाच्या आगीत जेमतेम मिनिटभर टिकतो, मग भोक पडून धूर आणि आग आत शिरते. म्हणून फोन किंवा घंटा वाजल्यापासून धावपट्टीच्या कुठल्याही टोकाला तीन मिनिटांच्या आत पोहोचायचे, आणि जमेल तर दोन. नुसते पोहोचून भागत नाही, ठरलेल्या माऱ्याच्या निम्म्या जोराने तरी फोम सोडण्याच्या स्थितीत पहिले बंब उभे राहिले पाहिजेत.

मी : हेच काम आमच्या गावचा बंब करू शकणार नाही का? त्यातही पाणी आहे, पंप आहे, होज आहे. विमानतळाला दोन किलोमीटरवर केंद्र उभारू. गावालाही उपयोग, विमानालाही.

मामा : गावचा बंब आगीपाशी जाऊन थांबतो, मग माणसे उतरतात, होज उलगडतात, पंप लावतात. विमानतळाचा बंब, म्हणजे क्रॅश टेंडर, चालता चालता पाणी मारतो. ड्रायव्हर गाडी पुढे घेत असताना शेजारचा माणूस आत बसूनच मॉनिटर चालवतो. बाहेर उतरायचीही गरज नाही. मोठी गाडी भरलेल्या टाकीसह उभ्या जागेवरून ४० सेकंदांच्या आत ताशी ८० चा वेग घेते, आणि १०० च्या पुढे जाते. सगळ्या चाकांना ताकद, कारण विमान डांबरावरच थांबेल असे कुणी सांगितले? पावसाळ्यात धावपट्टीशेजारच्या चिखलात जायचे असते. काही बंबांवर लांब हात असतो, त्याच्या टोकाला टोकदार नळी. ती विमानाचा पत्रा भोसकून आत फवारा सोडते. ही सगळी कोट्यवधींची किंमत त्या तीन मिनिटांची आहे.

इथवर मामाचे म्हणणे मला पटत होते. यंत्र कशासाठी आहे हे नेमके कळले की त्याच्या किमतीवरचा राग कमी होतो. पण तीन मिनिटांत पोहोचल्याने माणसे वाचतातच का, हा प्रश्न राहिला होता, आणि त्यासाठी मी तयारी करून गेले होते.

मी : मँचेस्टर, २२ ऑगस्ट १९८५. ब्रिटिश एअरटूर्सचे ७३७. धावपट्टीवरच डावे इंजिन फुटले, पंखातल्या टाकीला भोक पडले. वैमानिकाने उड्डाण सोडून विमान थांबवले. बंब जवळजवळ लगेच पोहोचले. तरी १३७ पैकी ५५ माणसे गेली, बहुतेक धुराने गुदमरून. बंबांनी काय केले?

मामा : तो अहवाल आम्हाला शिकवला जायचा. वाऱ्याने ज्वाळा थेट धडावर लोटल्या आणि पत्रा मिनिटभरात गेला. बंबांचे पाणी संपत आले तर भरून घ्यायला जवळच्या हायड्रंटला पाणी नव्हते. पोहोचणे झाले, पण पुढची साखळी तुटली.

मी : आणि त्या अपघातानंतर माणसे वाचवली कशाने? सीटचे कापड सहज पेटणार नाही असे झाले, अंधारात वाट दाखवणारे दिवे जमिनीलगत आले, पंखावरच्या दारापाशी मोकळी जागा ठेवायचा नियम कडक झाला. हे सगळे विमानाच्या आत. ए-३८० ला परवाना मिळण्याआधी २००६ मध्ये हॅम्बुर्गला चाचणी झाली. निम्मी दारे बंद ठेवून ८७३ माणसे ७८ सेकंदांत बाहेर आली. आता हानेडा घे. २ जानेवारी २०२४. जपान एअरलाइन्सचे ए-३५० तटरक्षक दलाच्या विमानावर आदळले. आतले ३७९ च्या ३७९ जिवंत बाहेर आले. घोषणेची यंत्रणा बंद पडलेली, कर्मचाऱ्यांनी भोंगे घेऊन लोकांना बाहेर काढले. टोकियोचा विमानतळ, शंभराच्या वर अग्निशमन वाहने, आणि विमान सहा तासांहून जास्त जळत राहिले. बंबांनी काय वाचवले?

मामा : सहा तास जळले म्हणून तू बंबांना नापास करतेस. मघाशीच सांगितले, विमान वाचवणे हे आमचे काम नाही. आता तू जो आकडा गाळलास तो सांगतो. शेवटचा माणूस बाहेर पडला तेव्हा विमान उतरून सुमारे अठरा मिनिटे झाली होती. नव्वद सेकंदांत विमान रिकामे झाले पाहिजे, हा चाचणीचा नियम हँगरमधला आहे. प्रत्यक्षात कुठली दारे उघडायची, कुठल्या बाजूला ज्वाळा आहेत, यात वेळ जातो. त्या कर्मचाऱ्यांना माझा नमस्कार. नव्या संमिश्र कवचानेही आगीला आत शिरायला वेळ लावला असणार. पण अठरा मिनिटे आत माणसे असताना बाहेर कुणी फोम मारणारे नसावे, असे तुला म्हणायचे आहे का?

मी : नाही. मला म्हणायचे आहे की रुपया एकच असतो. तो कुठे टाकला तर जास्त जीव वाचतात ते बघावे. ९ जानेवारी २०२१ च्या रात्री भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली, दहा बाळे गेली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये विरारच्या रुग्णालयाचा अतिदक्षता विभाग जळाला, नोव्हेंबरमध्ये अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयाचा. त्या भंडाऱ्याच्या शेजारी गोंदियात बिरसीला विमानतळ आहे. तिथे विमान उतरायचे तर दर्जाप्रमाणे बंब पाहिजेच, नाहीतर परवानगी नाही. रुग्णालयाला असा एकही दरवाजा नाही की सुरक्षा नसेल तर तो उघडणारच नाही. मला हे अन्यायाचे वाटते, आणि नुसते तोंडाने म्हणत नाही, माझ्या टेबलावरच्या बिलांत मला ते दिसते.

मामा बराच वेळ काही बोलला नाही. ती रात्र त्यालाही आठवत होती.

मामा : यावर मी वाद घालणार नाही. पण उपाय उलटा सुचवतेस. विमानतळावर जो नियम आहे तो रुग्णालयाला लावा. आधी उपकरणे, माणसे, सराव, मग उद्घाटन. विमानतळाचा नियम सैल करून रुग्णालयाला काय मिळणार?

मी : सैल करा म्हणत नाहीये. नियमातच सवलत आहे ना? वर्षातल्या सर्वांत गर्दीच्या सलग तीन महिन्यांत मोठ्या विमानांच्या फेऱ्या ७०० पेक्षा कमी असतील तर एक दर्जा खाली चालतो. म्हणजे धोका किती वेळा येतो, याचा हिशेब तुम्हीही करता.

मामा : करतो, पण एकच पायरी. त्याखाली उतरलो की बंब दाखवायला उरतो. राहता राहिली गावाला मदत. शेजारी कारखाना किंवा गोदाम पेटले की आम्हाला फोन यायचा आणि आम्ही जायचो. पण आधी वॉच रूममधून टॉवरला विचारायचे, पुढचे विमान किती वाजता? एकुलता एक बंब गावात गेला की विमानतळाचा दर्जा तेवढ्यापुरता खाली येतो आणि तसे वैमानिकांना कळवावे लागते. दोन विमानांच्या मधल्या मोकळ्या तासांत तो बंब गावाला उपयोगी पडावा, हे मला मान्य आहे. लेखी करार करा, वेळा ठरवा. गावच्या दलानेही आमच्याकडे सरावाला यावे.

मी : यावेच लागेल. १२ जून २०२५ ला अहमदाबादला विमान उडाले आणि कुंपणाबाहेर वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर कोसळले. तिथे शहराच्या दलालाही आगीशी झुंजावे लागले. मंगळूरला २२ मे २०१० रोजी विमान धावपट्टी ओलांडून खोल दरीत गेले; १५८ माणसे गेली, आठ वाचली. दरीत तुझा ताशी शंभरचा वेग काय कामाचा?

मामा : काही कामाचा नाही. म्हणून कुंपणाला क्रॅश गेट असतात, आणि त्या गेटबाहेर रस्ता लागतो. कुठे गेटबाहेर भाताचे खाचर असते, कुठे कुणी घर बांधलेले असते. विमानतळ पाहायला गेलीस तर टर्मिनलच्या काचा बघू नकोस. क्रॅश गेटची किल्ली कुणाकडे आहे ते विचार आणि गेट उघडून बाहेर गाडी जाते का ते बघ.

फोमचा विषय मीच काढला, कारण विमानतळावर होणाऱ्या खर्चात एक भाग असा आहे की तो पुढची पिढी भरते. साठच्या दशकात अमेरिकी नौदल आणि थ्री-एम कंपनीने इंधनावर पातळ पडदा धरणारा फोम तयार केला. आग विझवण्यात तो अव्वल, पण त्यातली फ्लोरिनयुक्त रसायने मातीत आणि पाण्यात वर्षानुवर्षे टिकतात. त्यांतल्या पीएफओएस या रसायनावर २००९ मध्ये स्टॉकहोम करारान्वये निर्बंध आले. स्वीडनमध्ये कॅलिंगे इथे हवाई तळावरच्या सरावाचा फोम गावाच्या पिण्याच्या पाण्यात उतरला. रक्तात ही रसायने साठणे हीच इजा आहे, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दिला. ऑस्ट्रेलियातले विमानतळ आणि लंडनचा हीथ्रो केव्हाच फ्लोरिनविरहित फोमकडे वळले आहेत. यावर मामा आणि मी एका बाजूला आहोत. सरावाच्या मैदानावर, भर उन्हात, गुडघाभर फोममध्ये तो उभा राहिलेला आहे. त्या मैदानांखालचे पाणी तपासले पाहिजे, हे तो माझ्याही आधी म्हणाला.

मी : मग आता शेवटचे. तुझ्या मते त्या तीन मिनिटांत सर्वांत महत्त्वाचे काय? बंब, पाणी, फोम?

मामा : त्याचे उत्तर रियाधला आहे. १९ ऑगस्ट १९८०. सौदियाचे ट्रायस्टार विमान. उड्डाणानंतर सामानाच्या कप्प्यात आग लागली, वैमानिकाने विमान माघारी आणून सुखरूप उतरवले. बंब विमानापाशी उभे. आणि दार उघडले ते इंजिने बंद झाल्यावर वीस मिनिटांहून अधिक काळाने. आतली ३०१ माणसे गेली. बाहेर पाणी होते, फोम होता, माणसे होती. ते दार बाहेरून कसे उघडायचे, हे त्या हातांना माहीत नव्हते.

मी : चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, मामा.

मामा : मग ७ ऑगस्ट २०२० घे. कोझिकोड. एअर इंडिया एक्स्प्रेसचे ७३७ टेबलटॉप, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या, धावपट्टीवरून खाली गेले, तुकडे झाले. आग लागली नाही म्हणून किती जीव वाचले. गावकरी पावसात धावत आले, त्यांनी माणसे काढली. तरी २१ गेली, त्यात कॅप्टन दीपक साठे आणि त्यांचे सहवैमानिक. चौकशी अहवालात काय आहे? विमानतळाच्या अग्निशमन जवानांना त्या प्रकारच्या विमानाची ओळख करून दिलेली नव्हती. बचावात मेळ नव्हता आणि दोन्ही वैमानिकांना बाहेर काढायला उशीर झाला. ७३७ त्या धावपट्टीवर किती वेळा उतरले असेल, आणि एकदाही आमच्या पोरांना त्याच्या कॉकपिटमध्ये नेऊन पट्टा कुठे सुटतो, खिडकी कशी उघडते हे दाखवले नाही! ही गोष्ट मला झोपू देत नाही.

मी : आणि दुबई? तेही सांग. सान फ्रान्सिस्कोही सांग.

मामा : सांगतो, लपवायचे कशाला. दुबईला ३ ऑगस्ट २०१६ रोजी तिरुवनंतपुरमहून आलेले एमिरेट्सचे ७७७ धावपट्टीवर घसरत गेले. आतले तीनशे जण वाचले, बहुतेक आपलेच लोक. आदळल्यावर सुमारे नऊ मिनिटांनी मधली इंधनटाकी फुटली आणि एक जवान गेला. आदल्या वर्षांत त्याने किती सराव केले असतील, किती वेळा बंब धुतला असेल. सान फ्रान्सिस्कोला ६ जुलै २०१३ रोजी एशियानाचे विमान आदळले, तेव्हा जमिनीवर पडलेली सोळा वर्षांची मुलगी फोमखाली झाकली गेली आणि बंब तिच्या अंगावरून गेला. तेव्हापासून बंबावरच्या उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याला, आणि गाडीपुढे चालत वाट दाखवणाऱ्या माणसाला, आमच्यात फार मोल आले. हे काम चुकले तर माणूस मारते. म्हणून म्हणतो, बंबाच्या किमतीवरून भांडू नकोस, बंबावरच्या माणसांवरून भांड. किती जागा रिकाम्या आहेत, ते विचार. रात्रपाळीला गाडीत प्रत्यक्ष किती जण चढतात, ते विचार. नवे विमान सुरू झाले की पहिल्या आठवड्यात जवानांना त्यात नेले का, ते विचार.

मी : पण हे विचारायचे कुठे? दर दोन वर्षांच्या आत प्रत्येक विमानतळावर पूर्ण स्वरूपाचा आपत्कालीन सराव व्हायला हवा. तो होतो. वर्तमानपत्रात फोटो येतो, जिल्हाधिकारी, बंब, स्ट्रेचर. पहिला बंब किती मिनिटांत पोहोचला, गावची रुग्णवाहिका किती मिनिटांत आली, क्रॅश गेट उघडले का, हे त्या बातमीत नसते. नगरपरिषदेच्या माझ्या खर्चाचा रुपयान् रुपया लेखापरीक्षणात येतो. तुमच्या मिनिटांचे लेखापरीक्षण लोकांसमोर का येत नाही?

मामा : यावे. आमच्या काळात मी तसे म्हटले असते तर वरिष्ठांना आवडले नसते. पण यावे. चुकलेला सराव लोकांना कळला तर लाज वाटेल, आणि पुढच्या वेळी किल्ली जागेवर असेल.

मी : तर मग मी माझे म्हणणे सांगते. एटीआरपुरत्या विमानतळावर नियमापेक्षा मोठी गाडी घ्यायला माझा विरोध कायम आहे. पाचव्या दर्जाला एक बंब लागतो, तिथे दिमाखासाठी दुसरा नको. त्या पैशातून जवानांच्या रिकाम्या जागा भरा, त्यांना विमानांच्या आत न्या, आणि जिल्हा रुग्णालयाच्या प्रत्येक कक्षातून बाहेर पडायची दुसरी वाट काढा.

मामा : दुसरा बंब दिमाखासाठी नसतो, पोरी. पहिला बंब दुरुस्तीला जातो त्या दिवसासाठी असतो. परदेशी गाडीचा सुटा भाग यायला महिने लागतात. तोवर विमाने थांबवणार आहेस?

मी : विमाने थांबवा. तूच म्हणालास, आधी उपकरणे, मग उद्घाटन.

मामा : लेखी देशील हे? विमाने थांबवा म्हणून?

मी : देईन. रुग्णालयाचा कक्षही बंद ठेवा, असे तू लिहून देत असशील तर त्याच कागदावर देईन.

मामाने चष्मा पुसला आणि कागद मागितला. मुद्दे कुठल्या क्रमाने लिहायचे, यावरून आमचे पुन्हा सुरू झाले: त्याला क्रॅश गेटपासून सुरुवात हवी होती, मला रिकाम्या जागांपासून.